टोपलीवाली कोणी काढली

गेली कित्येक वर्षं हे सांगायचं मी टाळलं. टाळणं अवघडही नव्हतं, कारण कोणी विचारतच नव्हतं. आज कोणी विचारलेलं नसताना लिहायला बसलोय ते रागाच्या भरात, हे आधीच सांगून टाकतो. वय झालं की राग निवतो असं ऐकत आलो होतो. माझा वाढत चाललाय, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

निमित्त झालं शाळेच्या स्मरणिकेचं. परळच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं, तिच्या माजी विद्यार्थ्यांनी ती काढली आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, अध्यक्षांचा पूर्ण पानभर शुभसंदेश. आत अर्ध्या पानावर धुरी सर आहेत, आणि त्यात हे वाक्य आहे: "निवृत्तीपूर्वी घडलेला एक दुर्दैवी प्रकार सोडल्यास सरांची कारकीर्द निष्कलंक होती."

मी ताबडतोब संपादकाला फोन लावला. हा पराग माझ्याच हाताखालून गेलेला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, आम्ही उलट सांभाळून घेतलंय. कॉपी हा शब्द कुठेही येऊ दिला नाही."

सांभाळून घेतलंय! ज्या माणसाने जन्मभर एकाही मुलाला एक रेघ कॉपी करू दिली नाही, त्याला हे सांभाळून घेतायत. मी फोन ठेवला. परागला खरं काय ते सांगायचं सोडून फोन ठेवला, हेही लिहून ठेवतो. माझी जुनी सवय आहे ती.

अनंत धुरी आमच्या शाळेतले ज्येष्ठ कलाशिक्षक. मी त्यांच्यानंतर काही वर्षांनी लागलो. मी गिरगावातला, ते भोईवाड्यातल्या चाळीतले, वडील गिरणीत. बुटके, रुंद, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चेहऱ्यावर कायम कोणाशी तरी भांडून आल्यासारखा भाव. बहुतेक वेळा ते खरोखरच भांडून आलेले असत. वर्गात शुद्ध मराठी बोलत, पण संतापले की मालवणीवर येत आणि मुलं खूश होत. "मेल्या, खंय बघतंस? फळ्यावर माणूस हा काय? माणूस तुझ्या बाजूक बसलोसा, तेका बघ!"

मुलांनी फळ्यावरचं बघून काढलेलं त्यांना खपत नसे. म्हणून ते फळ्यावर माणूस काढतच नसत. नवीन वर्ग आला की पहिले काही तास कागदही काढू देत नसत. मुलांना उभं करत आणि सांगत, एका पायावर वजन टाका, दुसरा ढिला सोडा. आता कमरेवर दोन्हीकडे हात ठेवा. कुठली बाजू वर गेली? मुलं चाचपडत, मग एकेक ओरडे. ज्या पायावर वजन, त्या बाजूची कंबर वर चढते. आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो, नाहीतर माणूस पडेल. वाचणाऱ्याने वाटल्यास आत्ता उभं राहून बघावं. मी चित्रकलेची पदविका घेऊन आलो होतो, आणि मला हे त्यांच्या वर्गाच्या दारात उभं राहून कळलं.

मग हाडं. गळ्याखालचं हाड कुठून निघतं, कुठे संपतं, कोपर वळलं की मनगटापाशी काय फिरतं. सगळं स्वतःच्या अंगावर बोटं फिरवून शोधायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोळ्याने नको, हाडाने काढ." खोडरबर ते वर्गात शिरतानाच गोळा करून डब्यात टाकत. चुकलेली रेघ तशीच राहू दे म्हणत, तिच्याशेजारी दुसरी काढ, म्हणजे कुठून कुठे आलास ते दिसेल.

त्यांच्या मुलांची चित्रं दिसायला वाईट असत. इथे खोटं बोलून चालणार नाही. रेघांचं जंजाळ, वेडेवाकडे चेहरे, बोटांच्या जागी काट्या. पण त्यातला माणूस उभा असे. बसलेला बसलेला असे, ओझं उचलणारा खरोखर ओझं उचलत असे. मी माझ्या मुलांची चित्रं शेजारी लावली की माझी कितीतरी देखणी दिसत, आणि त्यातली माणसं हवेत तरंगत.

एकदा त्यांनी वर्ग बाहेर काढला. शाळेमागच्या गल्लीत शीव कोळीवाड्याची एक मावशी टोपली घेऊन बसायची. तिला म्हणाले, मावशी, टोपली डोक्यावर घेऊन जरा उभी राहा, मुलांना बघायचंय. ती म्हणाली, "मी काय पुतला हाय? मासली कोन इकंल, तुजा बाप?" मुलं हसून लोळायची बाकी. धुरी सर तिथेच फतकल मारून बसले आणि गिऱ्हाइकांना म्हणू लागले, या, ताजा बांगडा आहे. तो बांगडा ताजा नसावा, कारण एका बाईने त्यांना चांगलंच सुनावलं. पण मावशी हसत हसत उभी राहिली. त्या दिवशी मुलांनी तिची मान बघितली. डोक्यावर वजन आलं की मान कशी सरळ होते, पाठीचा कणा कसा खाली टेकू देतो, हे बघितलं. मुख्याध्यापिका कारखानीस बाईंनी नंतर त्यांना बोलावून घेतलं. मुलांच्या गणवेशांना मासळीचा वास येतोय अशी पालकांची तक्रार होती.

माझ्याशी ते कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत, आणि तेच मला लागायचं. माझा हात चांगला होता. लहानपणापासून कॅलेंडरवरची चित्रं हुबेहूब उतरवून मी कौतुक मिळवलेलं. पुढे कॅलेंडरवरचीच एक बाई उचलून मी स्वतःची केली होती. डोक्यावर टोपली, एक हात वर, पदर मागे उडालेला. चोरी दिसू नये म्हणून तिचे पाय मी उलटे केले होते. ज्या पायावर ती उभी होती तो ढिला केला आणि ढिल्या पायावर वजन दिलं. कंबर मात्र होती तशीच ठेवली. तिचे डोळे आणि पदर इतके गोड जमायचे की खालचं कोणी बघायचं नाही.

धुरी सरांनी बघितलं. एकदा माझ्या फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "लेले, ही बाई पडणार." मी हसण्यावारी नेलं. पुन्हा केव्हातरी माझ्याच शेजारी उभे राहून त्यांनी माझ्या कमरेला हात लावून दाखवलं, इथे वर, इथे खाली. मी म्हटलं, बघतो. नाही बघितलं. हात सवयीने तीच बाई काढत राहिला. त्यावर ते एवढंच म्हणाले, "तुमचा हात सुंदर आहे हो. पण तो दुसऱ्याच्या घरी पाणी भरतो." हे ते स्टाफरूममध्ये म्हणाले, सगळ्यांसमोर. मी तेही विसरलो नव्हतो.

आता जे झालं ते.

चित्रकलेची ग्रेड परीक्षा पूर्वी हौसेने द्यायची गोष्ट होती. पुढे तिच्या श्रेणीचे जादा गुण दहावीत मिळू लागले आणि पालकांची झुंबड उडाली. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बसथांबा असा काहीतरी विषय देतात आणि समोर काही नसताना माणसांसकट प्रसंग काढायचा असतो. मुंबईभर क्लासवाले यासाठी तयार माणसं पाठ करून घेतात. एक टोपलीवाली, एक म्हातारा, एक पाठमोरा मुलगा. विषय कुठलाही येवो, हीच माणसं नेऊन बसवायची. हे सगळे करतात आणि सगळ्यांना माहीत आहे. धुरी सर याला शिवी देत, ती इथे लिहीत नाही.

त्या वर्षी सावंत नावाचे एक पालक शाळेत आले. बँकेत होते. त्यांची प्राजक्ता धुरी सरांच्या वर्गात. वही टेबलावर आपटून म्हणाले, "ही माणसं बघा, भूकंप झाल्यासारखी. आम्हाला कलाकार नाही बनवायचाय हो, ग्रेड पाहिजे." धुरी सर म्हणाले, ग्रेड येईल न येईल, मुलगी बघायला शिकतेय. सावंत कारखानीस बाईंकडे गेले, आणखी दहाबारा पालकांना घेऊन गेले.

परीक्षेच्या आधी धुरी सरांचे थोरले भाऊ गावी वारले. सर दिवसकार्यासाठी मालवणला गेले आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. कारखानीस बाईंनी मला बोलावून सांगितलं, या वर्षी ग्रेड यायला हव्यात, कसं ते तुम्ही बघा. मी बघितलं. फळ्यावर माझी टोपलीवाली काढली. मुलांकडून ती पुन्हा पुन्हा काढून घेतली, डोळे मिटून जमेपर्यंत. मुलं इतकी खूश की विचारू नका. इतक्या दिवसांनी आपल्या हातून काहीतरी देखणं उतरतंय म्हणून एकमेकांना दाखवत होती. मी त्यांना सांगितलं, धुरी सरांना यातलं काही बोलायचं नाही.

फक्त प्राजक्ता ती बाई काढेना. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "सर, ही उभी राहत नाहीये." मी तिला बसवलं आणि पुढे गेलो.

सर परीक्षेच्या आदल्या दिवशी परत आले. पेपरात विषय आला बसथांबा. आणि आमच्या केंद्रावरच्या आमच्या वर्गाच्या सगळ्या चित्रांत, बसथांब्यावर, त्याच डाव्या बाजूला, तीच बाई तोच हात वर करून तोच पदर उडवत उभी. प्राजक्ताच्या चित्रात तेवढा छत्रीवर रेललेला एक म्हातारा होता. परीक्षकांना वाटलं, परीक्षा चालू असताना कोणीतरी फळ्यावर चित्र काढून दिलं. निकाल रोखला गेला आणि शाळेकडे खुलासा मागितला गेला.

ती बैठक संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलीत झाली. अध्यक्ष, कारखानीस बाई, धुरी सर आणि दुसरा कलाशिक्षक म्हणून मी. चहा आला होता. अध्यक्षांनी चित्रांच्या झेरॉक्स टेबलावर टाकल्या. धुरी सरांनी त्या एकेक करून शेजारी शेजारी मांडल्या आणि खाली वाकून बघत राहिले. त्यांची नजर त्या बायकांच्या चेहऱ्यावर नव्हती. कमरेवर होती. मी ते बघितलं. ती चूक त्यांनी मला माझ्याच कमरेला हात लावून दाखवली होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही.

अध्यक्षांनी विचारलं, हे तुम्ही शिकवलंत? सर म्हणाले, "वर्ग माझा आहे." अध्यक्ष म्हणाले, ते माहीत आहे, पण ही चित्रं कोणी दिली, मुलांना एकेकाला बोलावून विचारू या. तेव्हा धुरी सर उठून उभे राहिले. "मुलांना बोलवायचं नाही. आपल्याच मास्तरचं नाव घ्यायला लावणार त्यांना? वर्ग माझा आहे, म्हटलं ना मी."

कारखानीस बाईंना ठाऊक होतं वर्ग कोणाकडे होता. त्यांनीच दिला होता. त्या बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिल्या. आणि मी? पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. मी चहा प्यायलो. थंड झालेला चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, कारण तोंड कपाला लागलेलं असलं की बोलावं लागत नाही.

बाहेर व्हरांड्यात प्राजक्ता उभी होती. दप्तर छातीशी धरून. तिने विचारलं, "सर, तुम्ही सांगितलंत ना?" मी तिला म्हणालो, "तू इथे काय करतेस? वर्गात जा." तेरा-चौदा वर्षांच्या त्या पोरीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला काढता आली असती तर मी चित्रकार झालो असतो.

मुलांच्या ग्रेड गेल्या. पालक फाटकात येऊन धुरी सरांच्या नावाने ओरडले. ज्यांनी तयार चित्रं मागितली होती तेच ओरडले. सावंतांच्या मुलीला तेवढी चांगली श्रेणी मिळाली. त्यांनी पेढे आणले आणि ते मला दिले, कारण तोवर चित्रकलेचा विभाग माझ्याकडे आला होता. मी पेढा खाल्ला. धुरी सरांना चित्रकलेवरून काढून सामानाच्या खोलीचं काम दिलं गेलं. बाकं मोजायची, खडूचे खोके उतरवून घ्यायचे. उरलेली नोकरी पुरी न करता त्यांनी राजीनामा दिला.

ते कपाट आवरत होते तेव्हा मी गेलो. म्हटलं, सर, जरा बोलायचं होतं. ते डब्यातली खोडरबरं खोक्यात ओतत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेले, ती कंबर अजून चुकतेय तुमची." एवढंच. आणि खोका उचलून निघाले.

मला त्यांचाही राग येतो. हे वाचून कोणी दुखावलं तर दुखावो. एका वाक्यात त्यांना सुटता आलं असतं. समोर कागद होते. त्यांनी मला एवढंच म्हणायला हवं होतं, लेले, जरा एक बाई काढून दाखवा. तिथल्या तिथे निकाल लागला असता. त्यांनी ते केलं नाही आणि मला आयुष्यभर हा माणूस डोक्यावर घेऊन फिरायला लावलं. मोठेपणा होता की मला तेवढीच किंमत दिली, अजून कळलेलं नाही. मी पर्यवेक्षक झालो, निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेतलं. माझ्याबद्दल स्मरणिकेत पूर्ण पान आहे आणि त्यात "सोडल्यास" वगैरे काही नाही.

पुढे एकदा मी भोईवाड्यात त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, शाळेतल्या बदल्यांवर बोललो, परत आलो. त्यानंतर बराच काळ गेला. एका रविवारी सकाळी मनाशी ठरवून पुन्हा गेलो, तर वहिनींनी सांगितलं, ते अँटॉप हिलला असतात रविवारी, सरकारी वसाहतीच्या हॉलमध्ये. तिथे शिकवतात.

मी तसाच तिथे गेलो. हॉलमध्ये कॅरमचे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले आणि मधे सातआठ जण मांडीवर फळी घेऊन बसलेले. दोन कॉलेजातली मुलं, एक मंत्रालयातून निवृत्त झालेल्या बाई, असेच कोणी कोणी. धुरी सर खूप वाळले होते. शर्ट अंगावर लोंबत होता, पण आवाज तोच. मला दारात बघून त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

"आलात? बरं झालं. आमचा उभा राहणारा आज आला नाही. या, इथे मधे उभे राहा." मी म्हटलं, सर, मी जरा वेगळ्या कामासाठी आलोय. ते म्हणाले, "ते नंतर. आता बोलू नका, तोंड हललं की मान हलते."

मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी माणसं काढली, पण कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. पेन्सिली कागदावर चालत होत्या, पंखा कुरकुरत होता. माझं वाक्य तोंडात तयार होतं. बसमध्ये मी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं होतं.

थोड्या वेळाने त्या निवृत्त बाईंनी विचारलं, "सर, यांचे खांदे असे कानांपाशी का आलेत? माझं चुकतंय का?"

धुरी सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्या सगळ्या काळात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. मग म्हणाले, "नाही, बरोबर आहे. त्यांना काहीतरी सांगायचंय आणि जमत नाहीये. ते समजून घ्या आणि काढा, खांदे आपोआप जागेवर येतील." आणि पुढच्या मुलाच्या कागदावर वाकले.

वर्ग संपला. लोक फळ्या आवरून गेले. वसाहतीचा माणूस किल्ली घेऊन आला, त्याने कुलूप लावलं. आम्ही दोघं पायरीवर आलो. सरांनी पिशवी खांद्याला लावली आणि ते निघाले नाहीत. उभे राहिले. मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. समोर पोरं क्रिकेट खेळत होती, कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. अडचण कसलीच नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते गेले.

धुरी सर, ती बाई मी काढली होती, मला माफ करा. एवढंच वाक्य होतं. मी म्हणालो, "ऊन वाढलंय, सावकाश जा."